शेपटीचं मरण

अंगणातल्या हौदात एक बेडूकमासा पोहत होता. त्याला पाय फुटले होते आणि शेपटी आखडत चालली होती. जीवशास्त्र शिकवणारी माझी बायको सुमन कालच दवाखान्यातून घरी आली होती. ती म्हणाली, "शेपटीतल्या पेशी वेळ झाली की निमूट आवरून घेतात. माझ्या यकृतातल्या मात्र विषाने फुटून मेल्या." गुडघेदुखीवर तिने मनानेच भारंभार गोळ्या घेतल्या होत्या. एक मरण देह घडवतं, दुसरं तो पोखरतं. उरलेल्या पेशींच्या जोरावर यकृत पुन्हा भरून येईल, पण गोळ्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुमन भिंतीला धरून उठली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखू दे," ती म्हणाली, आणि फाटकापर्यंत चालत गेली.