चिंधीच्या नाकातली नथनी

७ डिसेंबर १९६७. मी दवाखान्यात सुया उकळायला ठेवत होते. तेवढ्यात वडनेर भोलजीची कमला तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन पुन्हा दारात उभी राहिली. नाव चिंधी, वय तीन. अंगात झगा, दोन वेण्या, नाकात चांदीची नथनी. कान फुटणं, गळवं, न्यूमोनिया, वर्षभर हेच चाललं होतं. पेनिसिलिननं उतरायचं आणि परत यायचं.

आमचे डॉक्टर मुंबईहून नवीन शिकून आलेले. गेल्या खेपेला त्यांनी चिंधीच्या घशात टॉर्च मारली, तर टॉन्सिल जवळजवळ दिसेचनात. रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन असतं, शरीरात शिरलेल्या जंतूला तेच धरतं, असं त्यांनी मला समजावलं होतं. काहींच्यात ते जन्मतःच तयार होत नाही. तो दोष आईकडून उतरतो. आई ठणठणीत राहते, आजारी पडतात ते मुलगे.

"मला तीच शंका आली होती, सिस्टर," ते म्हणाले होते. "पण ही मुलगी आहे."

म्हणून रक्त मुंबईला पाठवायचं राहिलं.

या वेळी ॲडमिट केलं. कमला लेकराच्या कपड्यांना कुणाला हात लावू देत नसे. इंजेक्शनसुद्धा दंडावरच द्यायला लावायची. ती पाणी आणायला गेली तेव्हा घामानं भिजलेला झगा मी बदलायला घेतला. चिंधी मुलगा होता.

ती आली. मी विचारलं, "काऊन लपवलं?"

"आधीचे दोन पोरं गेले, बाई. माह्या मायचेबी पोरं असेच गेले. आमच्यात पोरीच जगतात. म्हनून याले पोरगी केलं."

"दवाखान्यात तरी सांगायचं."

"तोंडातून निघालं का नेनारा आयकते."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग उठून मुंबईला ट्रंक कॉल लावला. गॅमा ग्लोब्युलिनचं इंजेक्शन रेल्वेनं निघालं. ते पोचायच्या आत चिंधी गेला.

मी अंग पुसत होते. कमला शेजारी बसली होती. रडत नव्हती.

"ते नथनी काढा, बाई," ती म्हणाली. "आता कोनापासून लपवू?"

नाक सुजलं होतं, तार लवकर निघेना. काढून तिच्या हातात दिली.

पार्सल संध्याकाळी आलं. डॉक्टरांनी न उघडताच फ्रिजमध्ये ठेवलं.

केसपेपरवर लिहायचं ते आधी डोळ्यांनी पाहावं, एवढंच मी यातून शिकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत नाक टोचलेली एक लहान मुलगी आली. नाव विचारण्याआधी मी तिचा झगा वर केला. तिची आई माझ्यावर चिडली.

मुलगीच होती.