गुरुवारची मामेबहीण

सुई ओवताना ती श्वास धरते. दोरा कात्रीने कापत नाही, दातांनी तोडते. बोलता बोलता समोरच्याची बाही चिमटीत धरून वीण बघते. कुणी काळा दोरा म्हणालं की विचारते, "कुठला काळा?" हातातलं काम पुरं झाल्याशिवाय पाणीही पीत नाही. आणि घरातल्या पुढच्या खोलीत झाडायला जाताना दारावर टकटक करते. आत कुणीही नसतं. तरी करते.

गल्लीत तिला सगळे रफूवहिनी म्हणतात. जळलेलं, फाटलेलं, कसरीने खाल्लेलं कापड ती असं भरून काढते, की ज्याचा कोट त्यालाही भोक कुठे होतं ते सापडू नये.

घर तीन खोल्यांचं. मोठ्या नणंदेचं. नणंदेला ती अक्का म्हणते. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारची भिंत. मधल्या खोलीत दोन खाटा, एक कपाट आणि दिवसभर जळणारी ट्यूब. खाट आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं. पुढची खोली सगळ्यात मोठी. तिला रस्त्याकडे रुंद खिडकी. आत प्लॅस्टिक न काढलेला सोफा, काचेच्या कपाटात सहा कपबश्या आणि एक घड्याळ, ज्याला अक्का दर रविवारी किल्ली देते. ही खोली पाहुण्यांची. कुलपाची किल्ली अक्काच्या कमरेला.

अक्काने एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. नवी असताना एकदा तिचे साहेब लग्नपत्रिका द्यायला घरी आले. तेव्हाचं घर एका खोलीचं. आत गाद्या पसरलेल्या, दारात ओल्या कपड्यांची दोरी. साहेब दोरीखाली मान वाकवून पाच मिनिटं उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी ते सगळ्यांना करून दाखवलं. सगळे हसले. अक्काही हसली. पुढे तिने पैला पै जोडून हे घर घेतलं आणि त्यातली सगळ्यात चांगली खोली येणाऱ्यासाठी बाजूला काढली. साहेब कधीच वारले. खोली तयारच राहिली.

रफूवहिनीने कधी तक्रार केली नाही. पण मग तिने रफू केलेला तो निळा कोट परत आला.

"वहिनी, जरा बाहेर येऊन धरा हा," तिला रफूची कामं देणारा लॉन्ड्रीवाला म्हणाला.

तिने दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरला. गडद निळ्या बाहीवर काळ्या दोऱ्याचा ठिपका. मुंगी बसल्यासारखा.

"गिऱ्हाईक म्हणतं, यापेक्षा भोक बरं होतं."

"ट्यूबखाली दोन्ही सारखेच दिसतात हो."

"मला कळतं. त्याला कळत नाही. हे दुसऱ्यांदा झालं, वहिनी. तिसऱ्यांदा झालं तर मला कोट मशीनवाल्याकडे द्यावे लागतील. राग मानू नका."

पूर्वी कापडाचाच धागा मिळायचा. शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडलेली असायची, तिथून उपसायचा. हल्लीच्या कोटांत माया नसते. दोरा बाहेरून जुळवावा लागतो, आणि तो दिवसाच्या उजेडातच जुळतो.

त्या दुपारी तिने धीर केला. "अक्का, पुढच्या खोलीत खिडकीपाशी मी नुसतं एक स्टूल ठेवते. दोन तास. सोफ्याला हात लावणार नाही."

"आणि कुणी आलं म्हणजे?"

"कोण येतंय? दोन वर्षांत मीटर बघणारा सोडला तर कुणी आलंय का?"

"तो काही पाहुणा नव्हता. त्याला मी दारातूनच वाटेला लावला." अक्काने किल्ली कमरेत खोचली. "चिंध्या पसरल्या की खोलीची रया जाते. बस तू ट्यूबखाली. एवढी वर्षं बसलीसच ना?"

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "बरं आठवलं. गुरुवारी माझी मामेबहीण येणार आहे. सकाळीच."

अक्काचा चेहरा उजळला. "मग आत्ता सांगतेस? खोली कोण पुसणार?"

गुरुवारी दहाला कुलूप निघालं. पाहुण्याने रिकाम्या खोलीत पाऊल टाकू नये असा अक्काचा नियम, म्हणून वाट बघत आत कुणीतरी बसायला हवं. अक्का स्वयंपाकघरात ट्रे मांडत होती. वहिनी बसली, खिडकीशी, मांडीवर कोट घेऊन. पावलं वाजली की कोट उशीखाली. दुपारपर्यंत तिने तो काळा ठिपका उसवला आणि जागा नव्याने भरली. मग जिन्यात जाऊन फोन कानाला लावून आली.

"नाही जमत म्हणाली. ताप आलाय."

लॉन्ड्रीवाल्याने कोट उन्हात धरला. आणखी तीन कोट दिले.

पुढच्या गुरुवारी मामेबहिणीच्या नवऱ्याचा पाय मुरगळला. मग तिच्याकडेच पाहुणे आले. मग बस चुकली. वहिनीला वाटायचं, आज अक्का ओळखणार. पण अक्का तर बुधवारपासूनच कामाला लागायची. ठेवणीतले कपडे काढायची. "तिला चहात साखर किती लागते गं?"

"बिनसाखरेचा घेते."

"डायबिटीस?"

"हो." आता बहिणीला आजारही झाला.

एकदा खरंच घंटी वाजली. पत्ता चुकलेला माणूस होता. अक्काने त्यालाही क्षणभर आत बोलवावं की काय असा विचार केला. वहिनीने दाराआडून तिचा चेहरा पाहिला. बहीण नाहीच हे आता सांगता येणार नव्हतं.

मग अक्का बाजारातून जाड कापड घेऊन आली. अस्तरासकट.

"उन्हाने सोफ्याचा हात विटत चाललाय. तुझी बहीण काय म्हणेल? दोन पडदे शिव. घरात शिवणारी असताना बाहेर कशाला द्यायचे?"

पहिला पडदा तिने चार दिवसांत केला. काम हातात आलं की तिला संथ करता येत नाही. अक्काने तो लगेच लावला. अर्धी खिडकी मिटली.

दुसऱ्याची कड ती गुरुवारी खिडकीशी बसून दुमडून शिवत होती. नवा कोट सोफ्याच्या उशीखाली होता. अक्का आली आणि चक्क सोफ्यावर बसली. तिला तिथे बसलेलं वहिनीने कधी पाहिलं नव्हतं. प्लॅस्टिक करकरलं. अक्काचा हात उशीवर गेला, थांबला, खाली सरकला. एक करडी बाही बाहेर आली. कोपरावर टाचणी, टाचणीला तीन रंगांचे दोरे.

अक्काने बाही उजेडात धरली. बराच वेळ. मग ती परत उशीखाली सारली आणि वरून हात फिरवून सुरकुती काढली.

"बिनसाखरेचाच ना तिला?"

"हो."

"आज नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी येईल." अक्का उठली. "पडदा मात्र पुरा कर. अर्धी उघडी खिडकी बरी दिसत नाही."

ती गेली. कमरेची किल्ली मधल्या खोलीपर्यंत वाजत गेली. वहिनीने हातातल्या दुमडीकडे पाहिलं. वीतभर राहिली होती. दहा मिनिटांचं काम. तिने सुई तिथेच टोचली आणि कोट काढला.

त्याला सव्वा वर्ष झालं. दर गुरुवारी दहाला कुलूप निघतं. ती टकटक करते, आत जाते, उरलेल्या अर्ध्या खिडकीशी बसते. स्वयंपाकघरात ट्रे लागतो. अकराच्या सुमाराला अक्का विचारते, "झाला का गं पडदा?"

"होतोय."

पडदा सोफ्याच्या हातावर घडी करून ठेवलेला असतो. सुई दुमडीतच आहे. वीतभर शिवण शिल्लक आहे.