काडीवरचा घास

सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, बादल्या आणि इस्त्र्या यांच्या मधोमध एक टेबल होतं. टेबलावर विजेची शेगडी, शेगडीवर काळा पॅन आणि पॅनच्या मागे एप्रन बांधून पॅनवाला. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव होतंच, पण दुकानात ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. छातीवर बिल्ला होता, त्यावर नाव कंपनीचं.

काम सोपं होतं. पॅन विकायचा, त्यासाठी दिवसातून आठ वेळा एकच पदार्थ करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टूथपिकवर एकेक तुकडा द्यायचा. पदार्थ कंपनीनंच ठरवून दिलेला: पोर्टोबेलो मशरूम आणि तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या. पोर्टोबेलो म्हणजे तळहाताएवढी तपकिरी टोपी. हा पदार्थ सगळ्यांना चालतो, असं कंपनीचं म्हणणं. शाकाहारी माणूस बिचकून मागे सरत नाही आणि मांसाहारी माणसाला चावायला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. शिवाय लाल, पिवळी आणि हिरवी मिरची काळ्या पॅनमध्ये पार जिन्याच्या वरच्या पायरीवरून दिसते.

कंपनीच्या कागदावर ‘मशरूम स्वच्छ धुऊन घ्या’ असं लिहिलं होतं. ते ज्यानं लिहिलं त्यानं जन्मात कधी पातेलं हातात धरलं नसावं, असं पॅनवाल्याचं मत होतं. मशरूम धुवायचं नाही, ओलसर फडक्यानं पुसायचं. देठ पिरगळून काढायचा, खालची काळी झालर चमच्यानं खरवडायची, पॅन तापू द्यायचा आणि टोपी टाकली की तिला हात लावायचा नाही. मिरच्या मागाहून. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आधी घातलं की मशरूम रडायला लागतं आणि मग परतायचं सोडून आपल्याच पाण्यात शिजत बसतं. एका टोपीचे सोळा तुकडे, माणशी एक.

वीस वर्षं त्यानं एका मोठ्या हॉटेलचा भटारखाना सांभाळला होता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून हे काम पत्करलं. पण त्याला खरा सल होता तो वेगळाच. दिवसाला दीडशे माणसं त्याच्या हातचं खायची आणि एकही माणूस जेवायचा नाही. तुकडा तोंडात, ‘छान आहे हं’ हवेत आणि पाय बादल्यांकडे. कुणीतरी खाली बसावं, ताट पुढे ओढावं, पुन्हा वाढ म्हणावं, यासाठी त्याचा जीव तळमळायचा. कुणीतरी म्हणजे कोण, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती दीड वर्षापूर्वी एका शनिवारी आली. तिची नजर बादल्यांवर होती, हात सवयीनं काडीकडे गेला, तुकडा तोंडात गेला आणि मग तिनं मान वर केली. ती त्याची ताई होती. सख्खी, चार वर्षांनी मोठी, अकरा वर्षं न बोललेली.

त्या अकरा वर्षांमागची गोष्ट लांबलचक नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईच तिचं सगळं करत होती. शेवटी शेवटी आईचं अन्न तुटलं. एकच म्हणायची, धाकट्याच्या हातची मिरची खायची आहे. धाकटा पूर्वी घरी आला की ढोबळी मिरची थेट जाळावर धरायचा, पार काळी होईपर्यंत, मग झाकून ठेवून साल सोलायचा आणि आईला भरवायचा. ताईनं फोन केला. हॉटेलात गर्दीचे दिवस होते. तो म्हणाला, आठ दिवसांत येतो. आला नवव्या दिवशी, आणि आई आठव्या दिवशी गेली होती. ताई रडली नाही, ओरडली नाही. तो चुलीपाशी जाऊन सगळ्यांसाठी काहीतरी करू लागला, तेव्हा एवढंच म्हणाली, ‘तुझ्या हातचा घास मला चालणार नाही.’ ताई म्हणजे बोलली की काळ्या दगडावरची रेघ.

आणि आता तो घास तिच्या तोंडात होता. थुंकावा तर भर दुकानात शोभत नाही, गिळावा तर शब्द मोडतो. पॅनवाला झारा हातात धरून तसाच उभा राहिला. ताईनं सावकाश चावलं, गिळलं, काडी डब्यात टाकली.

‘मीठ कमी आहे,’ ती म्हणाली आणि बादली न घेताच निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. त्यानं गिऱ्हाइकाला म्हणतात तसं ‘या मॅडम’ म्हटलं. तिनं काडी उचलली आणि हा पॅन घासायला जड जातो का म्हणून विचारलं. त्यानं सगळं भाषण म्हणून दाखवलं: थेंबभर तेल, मऊ घासणी, पाच वर्षांची हमी. तिनं शांतपणे ऐकलं, विचार करते म्हणाली आणि गेली. तेव्हापासून दर शनिवारी हाच खेळ सुरू झाला. दोघं एकाच आईची, पण अळीमिळी गुपचिळी. ताईला पॅनबद्दल इतके प्रश्न पडू लागले की कंपनीच्या इंजिनिअरलाही सुचले नसते. तो एकेका प्रश्नाचं उत्तर ताणून ताणून द्यायचा, कारण उत्तर संपलं की ती जायची. तहान बहिणीची होती आणि भागत होती गिऱ्हाइकावर.

एकदा त्याचा तोल गेला. ती खोकत होती, रंग उतरला होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘ताई, बरं नाही का?’ तिनं घेतलेली काडी तशीच परत ठेवली. त्यानंतर तीन शनिवार ती फिरकली नाही. ते तीन शनिवार त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. तो टोप्या करपवत होता आणि जिन्याकडे बघत होता. चौथ्या शनिवारी ती आली तेव्हा त्यानं कानाला खडा लावला. मॅडम म्हणजे मॅडम.

ताईचे यजमान, त्याचे भावजी, गेल्याचं त्याला असंच कळलं. पॅन लहान, मधला आणि मोठा असे तीन मापांत येत, म्हणून भाषणात एक ठरलेला प्रश्न होता. तो त्यानं नेहमीच्या सुरात विचारला, घरात जेवणारी माणसं किती. ताईनं काडीच्या टोकाकडे पाहत सांगितलं, ‘एकच. वर्ष होईल आता.’

भावजी त्याचे नुसते भावजी नव्हते. हॉटेलातली पहिली नोकरी त्यांनीच खटपट करून मिळवून दिली होती. त्यांना खांदा देणं सोडाच, बातमी कळायलाही पॅनचं माप विचारावं लागलं. पण समोर मॅडम होती. ‘मग लहान पुरेल,’ तो म्हणाला आणि माणशी एकचा नियम मोडून त्यानं दुसरा तुकडा काडीला टोचून पुढे केला. तिनं तो घेतला. त्या दिवशी मीठ कमी आहे असं ती म्हणाली नाही.

मग या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. पुढच्या सोमवारपासून त्यानं दुसऱ्या गावातल्या दुकानात उभं राहायचं होतं, गाडीनं रात्रभराच्या अंतरावर. ताईनं घर बदललेलं होतं. तिचा पत्ता त्याच्याकडे नव्हता, फोन नंबर नव्हता. होता तो फक्त शनिवार, आणि आता एकच उरला होता. बोलावं तर ती पाठ फिरवेल, न बोलावं तर तो निघून जाईल. आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही.

त्या शनिवारी त्यानं बाजारातून स्वतः निवडून टोप्या आणल्या. दुपारपर्यंत ती आली नाही. तीन वाजले, चार वाजले. दीडशे माणसं आली, छान आहे म्हणाली, गेली. पाचच्या सुमाराला त्यानं एक टोपी न कापता अख्खी केली, मिरच्यांनी भरली, मीठ हवं तेवढं घातलं आणि झाकून बाजूला ठेवली. मग जिन्यावर तिची निळी पिशवी दिसली.

ती टेबलाशी आली, काडी शोधू लागली. आज काड्यांच्या ताटलीत तुकडा नव्हता. त्यानं झाकण काढलं, बशी तिच्यापुढे सरकवली आणि आपलं स्टूल टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला नेऊन ठेवलं.

‘मॅडम, सोमवारपासून मी इथं नसेन,’ तो म्हणाला. ‘बदली झाली. म्हणून आज अख्खं.’

ताई बशीकडे बघत राहिली. मागे दोन बायका थांबल्या होत्या, एकीनं विचारलंही की आम्हाला मिळेल का. पॅनवाल्यानं पहिल्यांदाच गिऱ्हाइकाकडे लक्ष दिलं नाही. ताईनं पिशवी खांद्यावरून उतरवली. वाटलं, बसते. ती बसली नाही. इतक्या वर्षांचा शब्द दुकानातल्या स्टुलावर बसून मोडणारी बाई नव्हती ती. तिनं बशी हातानं मागे सरकवली.

‘पॅन घेतला की घरी येऊन करून दाखवतात ना?’ तिनं विचारलं.

‘दाखवतात,’ तो म्हणाला.

‘दुसरं कुणी नको. पॅनची ज्याला माहिती आहे त्यानंच यायचं. उद्याच.’

‘येतो.’

‘माझ्याकडे गॅस आहे,’ ताई म्हणाली. तिचा आवाज जरा घसरला, तिनं तो सावरला. ‘ही विजेची शेगडी काही कामाची नाही. मिरच्या जाळावर भाजून होतील.’

त्यानं एप्रननं हात पुसले, फडताळातून लहान पॅनचं खोकं काढलं आणि घरी येण्याचा फॉर्म पुढे घेतला. नाव त्यानं विचारलं नाही, स्वतःच लिहिलं. पत्ता तिनं सांगितला, गल्ली, इमारत, दुसरा मजला, जिन्याजवळचं दार, आणि तो एकेक अक्षर कोरून लिहीत राहिला. इतकी वर्षं ती कुठे उठते, कुठे झोपते, हे आज कळत होतं. कागदावर एक थेंब पडून अक्षर फिसकटलं, मागच्या बायका आता काही विचारेनाशा झाल्या. फोन नंबर झाला. शेवटचा रकाना होता, घरात जेवणारी माणसं. तो त्याला ठाऊकच होता. त्यानं एक लिहिलं.

ताई टेबलावर वाकली आणि त्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं.

‘खोडा ते,’ ती म्हणाली. ‘दोन लिहा.’

त्यानं दोन लिहिलं. मग लहान पॅनचं खोकं परत फडताळात ठेवलं आणि मधलं काढलं.