पाठीवरचा चिखल

हिंगणीच्या फाट्यावर वांगी विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. प्रत्येक वांगं त्या पदराला पुसून मांडतात.

कच्ची वाट मोटारसायकलला कितपत अवघड आहे, हे पुढे जाऊन पाहणं आमच्या गटात माझं काम. त्या दिवशी वाट पाहून फाट्यावर परतलो, तेव्हा एक नवखी मुलगी हेल्मेट घालून तयारच होती.

"सोपी आहे," मी म्हणालो.

"सोपी हाय तं भाऊ, पाठीले चिखल काऊन?" बाईंनी विचारलं.

सगळे हसले.

"दोनदा पडलो," मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं. माझ्या अशा 'सोप्या' वाटांवर आजवर कुणाकुणाला लागलंही होतं.

"मंग तसं सांगा न बाप्पा! पोरीले पाडता का?"

मुलगी ती वाट सोडून कालव्याच्या सपाट रस्त्यानं गाणं म्हणत गेली.

आताही मी परतलो की बाई वांगं पुसता पुसता ओरडतात, "वळा बरं, भाऊ!"

आणि मी हसत वळतो.