मास्तर बेतत असताना

मास्तर कोट बेतायचे आणि बेतता बेतता बोलायचे. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्यांना उभ्या आयुष्यात कधी जाणवलंच नव्हतं. कात्री कापडावरून चालायची आणि तोंडाचा पट्टा कोणाच्या तरी सासऱ्यावरून. निम्मी गिऱ्हाइकं तर गप्पांसाठीच यायची आणि रिकाम्या हाती कसं यायचं म्हणून कोट शिवायला टाकायची.

पार्किन्सन झाला तेव्हा सगळ्यांना काळजी पडली ती हाताची. डावा हात थरथरायला लागला, अक्षर मुंगीएवढं झालं, काजं करायचं काम त्यांनी आपणहून बायकोकडे दिलं. पण कात्रीचा हात उजवा, आणि औषध घेतलं की तो ताळ्यावर यायचा. "हात ऐकतो माझं, फक्त जरा कुरकुर करतो," असं मास्तर म्हणायचे. डोक्याचा विचार कोणीच केला नव्हता.

मग एका वादकाचा मखमली कोट आला. इतकं जाड कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नाहीत. एक बाही कापायची, कागदाचा नमुना उलटा ठेवायचा, मग दुसरी कापायची. मास्तरांनी हे झोपेतही केलं असतं. त्या दिवशी मात्र ते चांगले जागे होते आणि शेजारच्या न्हाव्याला त्याच्याच लग्नात काय घोळ झाला ते रंगवून सांगत होते.

दुपारी मशीनवर बसलेल्या बायकोने दोन्ही बाह्या उचलून धरल्या.

"अहो, ही दुसरी कुठल्या हाताला लावू?"

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"त्याला दोन्ही हात डावेच असतील," मास्तर म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही.

दुकानाचा कारभार आता लेक बघायची. तिने चूपचाप तशीच मखमल आणली आणि वडिलांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढून घेतलं, आकडे उलटे म्हणवून घेतले, आणि मग सरळ सांगितलं. हे वेड नव्हे. पार्किन्सनमध्ये काहीजणांचं असं होतं. रोजचं सगळं जमतं, पण दोन कामं एकदम सांभाळणं, क्रम लावणं, एखादा आकार मनातल्या मनात फिरवून बघणं जड जातं. पुढे वाढेल की एवढ्यावरच राहील, हे आज सांगता येत नाही. यावर हमखास अशी गोळी नाही. एका वेळी एकच काम करा, घाई करू नका.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्ही पुढे बसा. लोकांशी बोला. बेतायला आपण कोणीतरी ठेवू."

ती मायेनं बोलली होती, म्हणून जास्त लागलं.

"दुकानात एक पुतळा आहे कोट घालून उभा राहायला," मास्तर म्हणाले. "दुसरा कशाला?"

"परत चुकलं तर? नाव जाईल आपलं."

"नाव कात्रीनं आलंय. जायचंच असेल तर कात्रीनंच जाऊ दे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून जळला नव्हता. मास्तरांनी नमुन्याच्या कागदावर एका बाजूला लाल रेघ ओढली, दुसऱ्या बाजूला निळी. पहिल्या बाहीला लाल वर, दुसरीला निळी वर. रेडिओ बंद केला. आणि त्यांनी बोलणं सोडलं.

न्हावी नेहमीसारखा येऊन टेकला. "मग मास्तर, काय म्हणता?"

"बेततोय. नंतर ये."

न्हावी फुगून गेला. मास्तरांना शिष्टपणा चढला, असं दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. "खरं काय ते सांगून टाकू का लोकांना?" बायकोने विचारलं. "सांग की. चोरी केलीय का मी?" तिने सांगितलं. काहींनी येणं कमी केलं, काही येऊन हळू आवाजात बोलू लागले, आणि ते मास्तरांना जास्त झोंबलं. गप्पांवाचून त्यांचा जीव तळमळायचा. पण कात्री की गप्पा, असा सवाल होता, आणि त्यांनी कात्री धरली होती.

नव्या मखमलीची पहिली बाही नीट कापून झाली. दुसऱ्या बाहीसाठी कागद उचलला आणि मास्तर थांबले. लाल, निळी, रेघा तर समोर होत्या, पण आता कुठली वर, ते काही केल्या उमगेना. लेक टेबलापलीकडे उभी होती. तिला दिसत होतं. शब्द तिच्या ओठांवर आला, तेवढ्यात मास्तरांनी मान वर न करता डावा हात उचलला. हात थरथरत होता, पण काय म्हणत होता ते स्पष्ट होतं. तिने ओठ मिटले.

नेमका तेव्हाच तो वादक दारात आला. टेबलाशी नुसते उभे असलेले मास्तर त्याने पाहिले आणि लेकीच्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर हल्ली बेतत नाहीत असं ऐकलं. दुसरं कोणी ठेवलंय का?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. कागद अजून त्यांच्या हातात तसाच होता.

"मास्तरच बेततायत," ती म्हणाली. "बसा. आणि बोलू नका."

बराच वेळ गेला. मग मास्तरांनी कागद उलटा केला, मखमलीवर ठेवला आणि कात्री उचलली.