देवघराच्या दारावरून नेलेला पाइप

अमरावतीच्या आमच्या घरात गरम पाण्याचे दोन नळ होते. एक न्हाणीत, दुसरा बाळंतिणीच्या खोलीत. गावात तेव्हा घरात नुसता थंड पाण्याचा नळ असणं हीच मोठी मिजास होती. माझी वकिली नुकती जमू लागली होती, अंगात रग होती. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातला मिस्त्री आणून मी बंबाचं पाणी पाइपातून खेळवलं. बायकोला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण माझी आत्या.

आत्या लहान वयातच विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली. मला तिनंच वाढवलं. लग्नानं ती दुसऱ्या घरची झालेली, म्हणून आमचं सोयर तिला लागत नसे. तेव्हा बाळंतपणाचे दहा दिवस स्वयंपाक, देव आणि बंब तिच्याच हाती राहणार होते. बाळंतिणीला शिवलेली सुईण बंबाला हात लावणार नाही आणि आत्या त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मग गरम पाणी न्यायचं कोणी? नळानं. माझ्या हुशारीवर मीच खूश होतो.

न्हाणीच्या छतावर टाकी होती, खाली तांब्याचा मोठा बंब. न्हाणीला लागून देवघर आणि देवघराला लागून बाळंतिणीची खोली. मिस्त्री म्हणाला, देवघरातून सरळ नेतो. मी म्हटलं, बाळंतिणीचं पाणी देवांच्या उशाशी? आत्या जीव देईल, बाहेरून ने. बाहेर देवघराचं दार आडवं आलं, तेव्हा त्यानं पाइप चौकटीवरून चढवला आणि पलीकडे उतरवला. त्याला ते पटलेलं नव्हतं, पण वकिलाशी कोण वाद घालणार? थंड पाणी सोडून पाहिलं. दोन्ही नळ धो धो वाहिले.

मुलगी आठव्या महिन्यात झाली, ऐन पौषात. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडे म्हणतात, आणि चौकशीला आलेल्या प्रत्येकानं ते मला ऐकवलं. एकेकाचं तोंड दाबावंसं वाटत होतं. धुरानं मुलीचा श्वास कोंडत होता म्हणून डॉक्टरीणबाईंनी शेगडी बाहेर काढायला लावली. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या दोन्ही अंगांना ठेवा, निवल्या की बदला, आणि काही झालं तरी दार उघडू नका, असं त्यांनी बजावलं. ऊब तुटली तर मूल हातचं जाईल.

बंब पेटवला. न्हाणीतल्या नळाला हात भाजेल असं पाणी आलं. खोलीतला नळ दोनदा गुरगुरला, तांब्याभर पाणी ओकला आणि गप्प झाला.

मी खोलीत शिरून नळ खोलला, त्याचा चामड्याचा वायसर बदलला. पाइपावर ठोकून पाहिलं. टाकी काठोकाठ भरवली, जाळ वाढवला, गड्यावर ओरडलो. नळ कोरडाच. शेवटी अकोल्याला तार केली आणि बादल्या सुरू झाल्या. आत्या न्हाणीच्या पायरीवरून माझ्या बादलीत वरून पाणी ओती. आता मीही खोलीत शिरलेला, म्हणजे बंबाला पारखाच. मी बादली दारापर्यंत नेई, सुईण दार किलकिलं करून ती आत घेई, आणि तेवढ्यात वारा आत घुसे. बाटल्यांनी धरलेली ऊब दारातून निघून जाई. प्रत्येक वेळी सुईण म्हणे की ओठ पुन्हा निळे पडले. जे दार उघडलं तर मुलगी हातची जाणार होती, तेच दार उघडून आम्ही तिला जगवायला निघालो होतो. मला वेड लागायची पाळी आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको आतून म्हणाली, "ती आता रडत नाही हो."

मिस्त्री दुपारी आला. जिनाचा हंगाम टाकून आला होता. त्यानं नळाला हातही लावला नाही, नुसतं चौकटीकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, पानी तापलं का त्यातून हवा निंगते, अन् उंचावर जाऊन बसते. इथं बसली आहे ती. थंड पान्यात कशी दिसन?"

पाइप उतरवून देवघरातून सरळ न्यावा लागेल, म्हणाला. भिंती बाहेरून फोडता येतील, पण सांधा देवघरात बसूनच जोडावा लागेल. एवढं बोलून तो मुसलमान मिस्त्री छिन्नी हातात धरून उंबऱ्याबाहेर थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

माझा तोल गेला. आत्याकडे वळून मी वाट्टेल ते बोललो. तुझ्या सोवळ्यापायी माझी पोर मरते आहे, हेही बोललो. जिनं मला वाढवलं तिला.

आत्या देवघरात गेली, एकेक देव उचलून पदरात घेतला, बाहेर आली आणि अंगणात उन्हात बसली. मग मिस्त्रीला म्हणाली, "जोडे काढ अन् आत जा बाप्पा. हात लवकर चालव."

भिंतीला पहिला घाव बसला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पाइप देवघरातून नेऊ का म्हनून मले कोनं इचारलं होतं?"

दिवस मावळायच्या आत खोलीतला नळ वाफा सोडत वाहू लागला. दार बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंद दारामागून मुलीचं रडणं आलं, मांजराच्या पिलासारखं बारीक.

मुलगी जगली. आत्या त्यानंतर सात हिवाळे होती. थंडीत पूजेला बसली की त्या पाइपाला पाठ लावून बसायची, आणि मला आवर्जून सांगायची की इथं ऊब चांगली लागते.