साठ किलोंची होडी

निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी काशीला गेल्या, मी होडीचं ड्रॉइंग काढायला बसले. तेही तासगावात, जिथं आमच्या घराजवळचं पाणी म्हणजे द्राक्षबागेतलं शेततळं. लोक हसले. हसू देत, म्हटलं. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना ड्रॉइंग शिकवलंय, हसणाऱ्यांची मला सवय आहे.

शीड धरायला मी शिकले ते आमचे हे फौजेत असताना. सुट्टीत त्यांच्याकडे गेले, की तिथल्या तलावावर रविवारी कुटुंबांनाही होडीत घ्यायचे. पण कुणी नेलं तर जायचं. हे निवृत्त होऊन गावी आले आणि तेही संपलं. म्हणून मला स्वतःची होडी हवी होती, आणि अशी, की धोम धरणाच्या काठावर मी एकटीनं ती गाड्यावरून उतरवेन, डोलकाठी उभी करेन आणि पाण्यात ढकलेन. कुणाला हाक मारावी लागली, तर ती होडी माझ्या काय कामाची?

सगळं ड्रॉइंग या हट्टावर उभं राहिलं. लांबी अकरा फूट, वजन साठ किलो. सहा मिलिमीटरचं प्लायवूड, कडा तांब्याच्या तारेनं शिवून वरून फायबर. तळाचं पातं उथळ पाण्यात वर ओढून घेता येणारं. डोलकाठी अॅल्युमिनियमची, बुडाला बिजागरी, म्हणजे दोरी ओढली की उभी.

बांधायला दिली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे. आता पन्नाशीचा आहे, उसाच्या ट्रॉल्या बनवतो, आणि त्याची ट्रॉली मोडल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. तिथंच माझा घात झाला.

दोन महिन्यांनी होडी तयार झाली. देखणी होती. मी एक टोक धरून उचलायला गेले, तर ते जागचं हललं नाही. प्लाय बारा मिलिमीटरचं घातलेलं आणि तळाला लोखंडी अँगल.

"मॅडम, कागदावरचं वजन आन् भरल्याला ऊस कवा जुळलाय का?" तो म्हणाला. "धा टन लिवलं की लोक पंधरा भरत्यात. म्हनून मी दुप्पटच धरतो. तुमच्या जिवापायी केलं."

आमचे हे म्हणाले, "तुला उचलायचं काय नडलंय? आमी दोघं हाय की ढकलायला."

दोघांचाही माझ्यावर जीव आहे, आणि त्या क्षणी दोघांचाही मला संताप आला.  आमच्या आयटीआयमध्ये जॉब, म्हणजे पोरांनी घडवलेला तुकडा, चुकला की त्यावर छिन्नीचा घाव घालायचा अशी रीत होती, म्हणजे तोच जॉब घासूनपुसून पुन्हा दाखवायला आणता येत नाही. मी त्याच्याच टेबलावरची छिन्नी उचलली आणि होडीच्या तळात घाव घातला. तीन-चार घावांत आरपार भोक पडलं.

"रद्द," मी म्हटलं. "नवी करायची. ड्रॉइंगप्रमाणं."

हे तडक गाडीत जाऊन बसले. तो मात्र ड्रॉइंगचा कागद पुन्हा भिंतीवर लावायला लागला. दुसरी होडी झाल्यावर त्यानं ती स्वतःच शेजारच्या बेदाणा शेडमधल्या काट्यावर चढवली. एकसष्ट भरली.

"येक किलो रंगाचा हाय, मॅडम."

तेवढा मी सोडला.

धोमला गेलो तेव्हा गाडी मीच चालवत होते. काठावर होडी सोडवायला लागले तसे चार-पाच जण आपणहून पुढं आले. नको, म्हटलं. चिखलात एकदा पाय घसरून मी सपशेल बसले, गुडघा सोलला. हे उठून दोन पावलं आले. "तिथंच बसा," मी म्हणाले, आणि ते बसले. पाऊण तास लागला. पण डोलकाठी उभी राहिली, होडी तरंगली आणि शिडात वारा भरला.

मधोमध गेल्यावर वारा पडला. काठावरून हे हात हलवायला लागले. एक मासेमारीची होडी मला ओढून न्यायला निघाली, तिला मी हातानंच खुणावून परत पाठवलं. वल्हं पायाशी होतं, त्याला हात लावला नाही. आजवर कुणी नेलं तेव्हा जाणारी आणि चला म्हटलं की उठणारी मी, आज पाण्यावर नुसती बसून राहिले. परत कधी फिरायचं ते माझं मी ठरवणार होते, आणि मला अजून फिरायचं नव्हतं.